पोटाला चालते, छातीला चालेल?

खाण्याच्या पदार्थापासून अपाय कसा होईल, असा प्रश्न कोणीही सहज विचारील. पण सुक्या मिरचीची फोडणी आठवून पाहा. आमटीत पडली की आपण भुरके मारीत जेवतो. तीच मिरची कढईत करपली की सारे घर खोकत गॅलरीत धावते. मिरची तीच, पण पोटाची वाट निराळी आणि छातीची निराळी. ई-सिगारेटच्या द्रवाचा विचार करताना हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे.

आमची खराडी हे एके काळी नगर रस्त्यालगतचे, मुळा-मुठेच्या काठचे शेतकऱ्यांचे गाव. आज येथे संगणक कंपन्यांचे काचेचे इमले उभे आहेत. माझा भाचा अशाच एका कचेरीत नोकरीला आहे. नऊ वर्षे त्याने सिगारेट ओढली आणि मुलगी झाल्यावर निश्चयाने सोडली. मात्र तिच्या जागी खिशात एक नळी आली. कुपीतला द्रव तिच्यात भरायचा, कळ दाबायची आणि आंब्याच्या वासाची वाफ ओढायची.

"मामा, यात तंबाखूची राख नाही की डांबर नाही," तो म्हणाला. "आइस्क्रीममध्ये घालतात तोच स्वाद आहे हा."

त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. या द्रवात मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असते. दोन्ही पदार्थ औषधांत आणि खाद्यपदार्थांत वापरतात. नाटकाच्या रंगमंचावर जे धुके सोडतात तेही बहुधा यांचेच. त्यांत निकोटीन आणि स्वादद्रव्ये मिसळली की द्रव तयार. पण खाद्यस्वादांना निर्धोक ठरवितात ते खाण्यापुरते. ते तापवून दिवसातून शंभर वेळा फुप्फुसात ओढावेत, याची ती परीक्षाच नव्हे.

लोण्याचा वास देणाऱ्या डायअसिटिलचे उदाहरण बोलके आहे. इ. स. २००० मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्यात पॉपकॉर्नच्या एका कारखान्यातील आठ माजी कामगारांना फुप्फुसाचा गंभीर विकार जडल्याचे उघड झाले. श्वासनलिकांच्या बारीक फांद्यांवर व्रण धरून त्या आक्रसतात, आणि एकदा आक्रसल्या की पूर्ववत होत नाहीत. या कामगारांनी लोणी खाल्ले नव्हते. लोण्याच्या स्वादाची वाफ हुंगली होती. पुढे २०१५ साली हार्वर्डच्या संशोधकांनी ई-सिगारेटचे ५१ स्वाद तपासले, तेव्हा ३९ मध्ये हेच डायअसिटिल सापडले. सिगारेटच्या धुरात ते याहून अधिक असते, हेही सांगितले पाहिजे. पण ज्याने सिगारेट सोडली त्याने ते दुसऱ्या दाराने घरात का घ्यावे?

दालचिनीचा स्वाद देणारे सिनॅमाल्डिहाइडही श्वासनलिकेच्या पेशींना बाधते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. शिवाय उष्णतेचा प्रश्न आहेच. तेल फार तापले की डोळ्यांत झोंबणारा जो धूर निघतो, त्यात अ‍ॅक्रोलीन असते. ग्लिसरीन अति तापले तरी तेच निघते.

२०१९ साली अमेरिकेत अशी वाफ ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या दुखण्याची साथच उसळली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. बहुतेकांनी गांजातील अंमली द्रव्य असलेला द्रव ओढला होता, आणि त्यात दाटपणासाठी घातलेले व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट हे प्रमुख कारण ठरले. त्वचेला लावायला हे निरुपद्रवी. छातीत जाताच घातक!

आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. ब्रिटनमध्ये ही विक्री कायदेशीर असल्याने एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅमहून अधिक निकोटीन चालत नाही, आणि जीवनसत्त्वे मिसळण्यासही मनाई आहे. येथे चोरून मिळणाऱ्या कुपीत काय आहे, हे तपासणारे कोणी नाही. लेबलावर आंबा रंगविला म्हणजे आतले सारे कळले असे थोडेच आहे! तान्ह्या मुलांच्या घरात तर ही कुपी फारच जपावी लागते. २०१४ साली न्यूयॉर्क राज्यात निकोटीनचा द्रव पोटात जाऊन एक वर्षाचे मूल दगावले होते.

"पण मामा, ही टाकली आणि पुन्हा सिगारेट सुरू झाली तर?" भाच्याने विचारले.

त्याची ही भीती खोटी नाही. निकोटीनची ई-सिगारेट वापरून पुष्कळांची सिगारेट सुटल्याचा चांगला पुरावा आहे, आणि जळत्या तंबाखूचा धूर वाफेहून अधिक घातक, याबद्दलही दुमत नाही. तेव्हा पुन्हा सिगारेटकडे वळणे हा उपाय नव्हेच. निकोटीनची तलफ हळूहळू कमी करण्यासाठी निकोटीनचे च्युइंग गम आणि पट्ट्या मिळतात. त्यांतले निकोटीन तोंडातून वा कातडीतून शरीरात जाते, छातीला वाफ सोसावी लागत नाही. त्या किती आणि किती दिवस घ्यायच्या, हे डॉक्टरांना विचारावे. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी सरकारचा १८००-११-२३५६ हा विनामूल्य दूरध्वनीही आहे.

घरच्या मंडळींनी एवढेच करावे : ज्याने नऊ वर्षांची सवय मोडली, त्याला नळीवरून टोमणे मारू नयेत. निम्मी वाट तो चालून आला आहे. उरलेल्या वाटेत त्याला सोबत हवी.