मावणे आणि झेपणे : पिकअपवरून स्नोमोबाईल नेताना

अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि मिशिगन या राज्यांत, तसेच सीमेपलीकडे कॅनडाच्या ओंटारियो आणि क्यूबेक या प्रांतांत, हिवाळा स्थिरावला की महामार्गांवर एक दृश्य नेहमीचे होते: पिकअप ट्रकच्या हौद्यात, हौद्यावर बसवलेल्या मंचावर किंवा मागे जोडलेल्या ट्रेलरवर स्नोमोबाईल लादून लोक बर्फाच्या वाटांकडे निघालेले असतात. स्नोमोबाईल म्हणजे पुढे दोन स्की आणि मागे फिरणारा रबरी ट्रॅक असलेले, मोटारसायकलसारखे स्वार होऊन चालवायचे बर्फावरचे वाहन. क्यूबेकमधील व्हॅल्कूर येथील जोसेफ-आर्मान बोंबार्दिये यांच्या लहानग्या मुलाला १९३४ च्या हिवाळ्यात रस्ते बर्फाने बंद असल्यामुळे रुग्णालयात नेता आले नाही आणि तो दगावला. बर्फावरून माणसे नेणारी वाहने घडवण्याच्या त्यांच्या ध्यासाला या घटनेने धार आली, १९३७ मध्ये त्यांना ट्रॅक फिरवणाऱ्या यंत्रणेचे पेटंट मिळाले आणि १९५९ मध्ये त्यांची ‘स्की-डू’ ही एक-दोघांना पुरेल अशी हलकी स्नोमोबाईल बाजारात आली. रस्ता नसलेल्या ठिकाणी जाण्यासाठी जन्मलेल्या या यंत्राला बर्फ काढलेल्या, मीठ टाकलेल्या डांबरी रस्त्यावर मात्र माल म्हणूनच जावे लागते, आणि त्याचे कारण केवळ कायदा नव्हे. आजच्या बहुतेक यंत्रांत इंजिनाचे पाणी ट्रॅकने उडवलेल्या बर्फावर थंड होते, ट्रॅक ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो त्यांना वंगणही बर्फाचेच मिळते, आणि म्हणून कोरड्या रस्त्यावर थोडे अंतर चालवले तरी यंत्र तापते व झिजते.

महाराष्ट्रात पिकअप म्हटले की भाजीपाला, खत किंवा बाजाराचा माल वाहणारी गाडी डोळ्यांसमोर येते; अमेरिकेत ती अनेक ठिकाणी घरची गाडी असते, तिच्यातून मुले शाळेत जातात आणि सुट्टीत तीच मालवाहू होते. या गाड्यांतील हलका वर्ग ‘हाफ-टन’ म्हणून ओळखला जातो. अर्धा टन हे नाव जुन्या काळातले आहे. आजच्या हाफ-टन गाडीची वहनक्षमता साधारणपणे ६०० ते ९०० किलोंच्या दरम्यान असते आणि एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतही इंजिन, आसने आणि सजावट यांनुसार ती बदलते. गाडी, माणसे आणि माल मिळून जास्तीत जास्त किती वजन असावे हे निर्माता ठरवून देतो, त्याला एकूण अनुज्ञेय वजन म्हणतात. त्यातून गाडीचे स्वतःचे वजन वजा केले की उरते ती वहनक्षमता. चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पिवळ्या-पांढऱ्या पट्टीवर हा आकडा छापलेला असतो आणि प्रवासी व सामान यांचे मिळून वजन त्यापेक्षा कधीही अधिक नसावे, असे तेथेच बजावलेले असते. जाहिरातीत झळकणारा चार-पाच टनांचा आकडा मागे ओढण्याच्या क्षमतेचा असतो, पाठीवर वाहण्याच्या क्षमतेचा नव्हे, आणि या दोहोंची गल्लत हेच पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ आहे.

हौद्यात वस्तू मावली म्हणजे ती गाडीला झेपली, अशी समजूत डोळ्यांमुळे होते, कारण डोळ्यांना जागा दिसते, वजन दिसत नाही. दाराच्या पट्टीवर ७०० किलो लिहिले आहे असे धरले आणि गाडीत जाड कपड्यांतील चार प्रौढ बसले, तर प्रत्येकी ९० किलोंप्रमाणे ३६० किलो तेथेच खर्ची पडतात. शिरस्त्राणे, बॅगा, हत्यारे आणि पेट्रोलचे डबे यांचे ६० किलो धरले की उरतात २८०. पेट्रोल-तेल भरलेली एक मध्यम स्नोमोबाईल २७० किलोंच्या घरात जाते, म्हणजे एक यंत्र जेमतेम बसते. दुसरे यंत्र घेण्यासाठी हौद्यावर ॲल्युमिनियमचा मंच चढवला, आणि तो १८० किलोंचा असला, तर दोन यंत्रे आणि मंच मिळून ७२० किलो होतात, म्हणजे चालकसुद्धा गाडीत बसण्याआधीच मर्यादा ओलांडली जाते. शिवाय पट्टीवरचा आकडा कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीचा असतो; मालकाने नंतर बसवलेले हौद्याचे छत, विंच, जाडजूड टायर हे सारे त्यातूनच वजा करावे लागते. मागचे पाटे दबू नयेत म्हणून हवेच्या पिशव्या किंवा जादा पाटे बसवून घेण्याची पद्धत आहे, पण त्यांनी गाडीची बसण सुधारते, क्षमता वाढत नाही, कारण ब्रेक, ॲक्सल, चाके आणि सांगाडा पूर्वीचेच राहतात. पाटे दबलेले दिसत नाहीत म्हणून चालक निर्धास्त होतो, हा या उपायाचा खरा धोका आहे.

वजन किती यापेक्षाही ते कोठे पडते, हा प्रश्न अधिक नाजूक आहे. बैलगाडीत भार मागे सरकला की जू वर उचलले जाते आणि गाडी उलाळ होते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पिकअपमध्ये नेमके तेच घडते, फक्त पुढे बैलांच्या जागी इंजिन असल्यामुळे ते लक्षात येत नाही. आजच्या चार दारांच्या हाफ-टन गाड्यांचा हौदा बहुधा साडेपाच फुटांचा, म्हणजे पावणेदोन मीटरही नसतो, तर स्नोमोबाईल तीन मीटर किंवा त्याहून लांब असते, आणि म्हणून तिचा मागचा भाग उघड्या फाळक्यावर व त्याच्याही बाहेर येतो. २४० किलोंच्या यंत्राचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या ९० सेंटिमीटर मागे पडला आणि दोन ॲक्सलमधील अंतर ३.६ मीटर असले, तर तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवरील भार ६० किलोंनी कमी होतो आणि मागच्या ॲक्सलवर २४० नव्हे, ३०० किलो वाढतात. कोरड्या रस्त्यावर हे जाणवणारही नाही. पारदर्शक बर्फाचा पातळ थर असलेल्या वळणावर मात्र गाडी वळते ती पुढच्या चाकांच्या पकडीवर, थांबते तीही मुख्यतः त्यांच्याच ब्रेकवर, आणि नेमकी तीच चाके हलकी झालेली असतात. नाक वर झाल्याने दिव्यांचा झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो, हा त्याच उलाळीचा आणखी एक परिणाम; बऱ्याच गाड्यांत दिव्यांचा कोन स्क्रूने खाली आणता येतो आणि भार चढवल्यावर तो आणलाच पाहिजे.

फाळक्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण तो हौद्याचा तळ वाढवून दिल्यासारखा दिसतो. उघडा फाळका दोन पोलादी दोऱ्यांवर आणि बिजागऱ्यांवर लटकलेला असतो. उभ्या गाडीत तो दोन-तीन माणसांचे वजन सहज पेलतो, परंतु खड्ड्यातून गाडी जाताना ट्रॅकचा भार त्यावर आदळू लागला की स्थिर वजनाचा हिशेब लागू पडत नाही. शिवाय मागचा कॅमेरा निकामी होतो आणि बाहेर आलेल्या टोकाला खुणेचे लाल कापड लावावे लागते, ज्याचे नियम राज्यागणिक व प्रांतागणिक वेगळे आहेत. एकच यंत्र न्यायचे असेल आणि हौदा साडेसहा किंवा आठ फुटांचा असेल, तर हौद्यातून नेणे हा उत्तम मार्ग आहे. आखूड हौद्यात ती तडजोड ठरते.

मंचाचा उपयोग कॅनडाच्या पश्चिमेकडील पर्वतांत समजून घेता येतो. ब्रिटिश कोलंबियातील रेव्हलस्टोकसारख्या भागात वाटेच्या तोंडापर्यंत जाणारे लाकूडतोडीचे रस्ते अरुंद असतात, तेथे ट्रेलर वळवणे जिकिरीचे होते, आणि बर्फाच्या ढिगाला गाडी लावून यंत्र सरळ मंचावर चढवता येते. तेथील जड वर्गाच्या पाऊण-टन व एक-टन गाड्यांना हा भार पेलतो. हलक्या गाडीवर मात्र दोन यंत्रांचा मंच टाळावा, हेच योग्य होय. वजनाचा हिशेब वर आलाच आहे. त्यात भार हौद्याच्या कडांच्याही वर गेल्याने गुरुत्वमध्य उंचावतो, आडवा वारा यंत्रांच्या बाजूंना भिडतो आणि वळणावर गाडी कलू लागते. मंचाच्या बाजू बाहेर काढता येतात, पण वाहनाची रुंदी कॅनडात २.६ मीटरच्या आणि अमेरिकेच्या मुख्य महामार्गांवर १०२ इंचांच्या, म्हणजे जवळजवळ तेवढ्याच मर्यादेत ठेवावी लागते.

हलक्या पिकअपला खरा न्याय देतो तो साधा, उघडा, दोन यंत्रांचा ट्रेलर. दोन यंत्रांचे ५४० आणि ट्रेलरचे २०० असे ७४० किलो झाले, तरी ते ट्रेलरच्या स्वतःच्या चाकांवर राहतात आणि जोडणीच्या गोळ्यावर, म्हणजे गाडीच्या पाठीवर, त्यातला थोडाच हिस्सा उभ्या भाराच्या रूपाने येतो. हा हिस्सा ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा असा संकेत आहे, येथे तो ७५ ते ११० किलो होतो, आणि वहनक्षमतेतून तेवढाच वजा करावा लागतो. तो कमी करण्याचा मोह मात्र घातक आहे. यंत्रे मागे सरकून जोडणी हलकी झाली, तर ठरावीक वेगापुढे ट्रेलर डावीउजवीकडे झुलू लागतो, प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि अखेर तो गाडीलाच फरफटवतो. अशा वेळी जोरात ब्रेक मारणे किंवा स्टिअरिंगने झोक्यांचा पाठलाग करणे टाळून, पाय ॲक्सिलरेटरवरून काढून वेग आपोआप उतरू द्यावा. त्यानंतर सुरक्षित जागी थांबून यंत्रे पुढे घ्यावीत. जोडणीखालून सुरक्षा-साखळ्या एकमेकींना छेदून लावतात त्या अशासाठी, की जोडणी निसटली तर ट्रेलरचे टोक रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडावे. मिठाच्या पाण्याने दिव्यांची जोडणी गंजते, म्हणून दर वेळी निघण्यापूर्वी मागचे दिवे आणि इंडिकेटर दुसऱ्या माणसाकडून पाहून घेणे आवश्यक असते.

यंत्र चढवण्याचे काम प्रवासाइतकेच जोखमीचे असते, आणि तेही गाडी जागेवर उभी असताना. चारचाकी जोर असलेल्या पिकअपचा फाळका जमिनीपासून सुमारे ९० सेंटिमीटर उंच असतो, २.४ मीटर लांबीचा रॅम्प लावला तर चढ सुमारे २२ अंशांचा होतो. स्कीच्या तळाशी असलेल्या कठीण कार्बाइडच्या धारांना धातूवर पकड मिळत नाही, त्यामुळे स्की घसरतात, आणि ट्रॅक रॅम्पवर येताच तो रॅम्पलाच मागे ढकलतो. रॅम्प पट्ट्याने गाडीशी बांधलेला नसेल, तर तो या क्षणी निसटतो. चढ संपेपर्यंत ॲक्सिलरेटर दाबून ठेवणारा स्वार थांबण्याआधीच केबिनच्या मागच्या काचेवर आदळतो, आणि हा अपघात इतका सर्वपरिचित आहे की जाणकार मंडळी विंचनेच यंत्र ओढून घेतात. चालवून चढवायचेच असेल, तर गाडी उतारावर अशी उभी करावी की फाळका जमिनीजवळ येईल, इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवलेली असावी आणि रॅम्पच्या मागे वा बाजूला कोणीही उभे राहू नये.

बांधण्यासाठी रॅचेटचे, म्हणजे दात्यांच्या चक्राने ताणायचे पट्टे वापरतात. पट्ट्यावर दोन आकडे असतात: एक तुटण्याचा आणि दुसरा कामाच्या मर्यादेचा, जो सहसा पहिल्याच्या एक-तृतीयांश असतो, १,५०० पौंडांना तुटणाऱ्या पट्ट्यावर ५०० पौंडांचा, म्हणजे सुमारे २२५ किलोंचाच भरवसा ठेवायचा असतो. अमेरिकेत व्यावसायिक मालवाहतुकीचा नियम असा, की बांधणीने गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट जोराचा ब्रेकचा धक्का आणि बाजूंना ०.५ पट धक्का सोसला पाहिजे. २७० किलोंच्या यंत्राला हा हिशेब लावला, तर जोरदार ब्रेकच्या क्षणी ते सुमारे २१५ किलोंच्या जोराने केबिनकडे झेपावते. घरगुती वाहतुकीलाही हीच कसोटी लावावी. स्की पुढे दाबून धरणारा आडवा दांडा किंवा दोन पट्टे आणि मागच्या बंपरला दोन पट्टे, अशी चार कोपऱ्यांची बांधणी करताना यंत्राच्या स्प्रिंगा थोड्या दाबून घ्याव्या लागतात. तसे न केल्यास यंत्र आपल्याच स्प्रिंगांवर उसळते, पट्टा क्षणभर सैल होतो आणि हूक निसटतो. नायलॉन भिजल्यावर अधिक ताणले जाते, म्हणून पॉलिएस्टरचे पट्टे बरे. यंत्राचे तोंड प्रवासाच्या दिशेला असावे, नाहीतर मागून येणारा वारा काच आणि झाकण उचकटून नेतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या यंत्रांत पेट्रोलचा कॉक बंद करणेही विसरू नये. तो उघडा राहिला तर हादऱ्यांनी तरंगती झडप गळू लागते आणि पेट्रोल इंजिनाच्या तळात साचते.

व्यावसायिक चालकांनी निघाल्यापासून ८० किलोमीटरांच्या आत बांधणी तपासावी, असा अमेरिकेतील नियम आहे, आणि स्नोमोबाईलच्या बाबतीत त्याला एक खास कारण आहे. दिवसभर चालवलेल्या यंत्राच्या ट्रॅकखाली आणि पाय ठेवण्याच्या फळ्यांवर घट्ट बर्फ जमलेले असते. पट्टा त्या बर्फावरून ताणला गेला तर इंजिनाच्या उरलेल्या उबेने बर्फ वितळते आणि पट्टा ढिला पडतो. म्हणून परतीच्या वेळी आधी बर्फ झाडावे, मग बांधावे, आणि पहिल्या पेट्रोल पंपावर उतरून रॅचेट पुन्हा एकदा दोन दाते ओढून घ्यावे. तेथेच टायरमधील हवाही पाहावी, कारण तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने उतरले की दाब सुमारे एक पौंडाने घटतो. उबदार गॅरेजमध्ये १५ अंशांना भरलेली हवा उणे २५ अंशांत सात पौंडांनी कमी झालेली असते, आणि ती भरलेल्या गाडीच्या मागच्या टायरांना पुरत नाही.