पेंढा, साबुदाणा आणि मोड आलेले कडधान्य

मिंग काळातल्या शेन दफू (1578–1642) या चिनी लेखकाने बीजिंगमधली पॅकिंगची एक रीत आपल्या टिपणांत लिहून ठेवली आहे. दरबारी नजराणे घेऊन आलेली उत्तरेकडची मंडळी परतताना चिनी मातीची भांडी गाड्या भरभरून नेत. प्रत्येक भांड्यात थोडी माती नि चिमूट-मूठ कडधान्य आणि गहू घालायचे, अशी कित्येक भांडी एकात एक रचून करकचून बांधायची, ओलसर जागी ठेवून वर पाणी शिंपडत राहायचे. यथावकाश मोड येत, फटीफटींत गुंतत आणि अख्खी चळत एकजीव होई. मग ती कडक जमिनीवर आपटून बघायची. गाडीत चढवतानाही पुन्हा वरून खाली टाकायची. एवढे होऊनही शाबूत राहील तोच माल रवाना होई आणि त्याला नेहमीच्या दहापट भाव मिळे.

मऊ काहीतरी गुंडाळले की काम झाले, असे आपण धरून चालतो. हिशेब मात्र अंतराचा आहे. 75 सेंटिमीटर उंचीच्या टेबलावरून कप फरशीवर पडला आणि जेमतेम एका मिलिमीटरमध्ये थांबला, तर त्याला स्वतःच्या वजनाच्या सरासरी 750 पट दणका बसतो. तोच कप तीन सेंटिमीटर दबत थांबला, तर 25 पट. भरावाने हे तीन सेंटिमीटर मिळवून द्यायचे असतात. कापूस फार मऊ, तो झटकन पूर्ण दबतो आणि कप तळाला टेकतो. लाकूड दबतच नाही. पेंढा मधला. शिवाय खोक्यात जागा उरली तर कपाला कप भिडतो, मग बाहेरून कितीही गुंडाळा. मोडांनी ही दुसरी अडचण मिटवली होती.

समुद्रावर गरज वेगळी. 1998 मध्ये इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकातले एक शिवलेल्या फळ्यांचे गलबत सापडले. त्यात सुमारे 60,000 चिनी भांडी होती. चीनमधल्या चांगशाचे वाडगे मोठाल्या रांजणांत गोल गोल रचून भरले होते. एकेका रांजणात शंभराच्या वर. रांजण म्हणजेच खोके. 1752 मध्ये बुडालेल्या ‘गेल्डरमाल्सेन’ या डच जहाजात भांड्यांची खोकी तळाशी आणि वर चहा. भांडी ओल सोसतात, चहा सोसत नाही, आणि जहाजाला तळाशी वजन लागतेच. 1985 मध्ये दीड लाखाच्या आसपास नग वर आले. चहाच्या कुजलेल्या थराखाली ते दोन शतके सुरक्षित राहिले होते. कॅन्टनच्या खोक्यांत भांड्यांमधल्या फटी साबुदाण्यानेही भरत. (तो सागो ताडाच्या खोडाचा; आपल्या उपासाचा कसाव्याच्या कंदाचा.) मुक्कामी पोचल्यावर साबुदाणा वेगळा विकायचा. भरावाचे भाडे वाया जात नसे, हे मला फार व्यापारी शहाणपणाचे वाटते. मकाव-मलाक्का-गोवा-लिस्बन या पोर्तुगीज वाटेने असाच माल आपल्या किनाऱ्यावरून पुढे गेला.

पुढची यंत्रयुगातली सामग्री बहुतेक दुसऱ्याच कामासाठी जन्मली. पन्हाळीदार कागदाचे 1856 चे इंग्लंडमधले पेटंट उंच टोप्यांच्या अस्तरासाठी होते. त्यात बाटल्या आणि दिव्यांच्या काचा गुंडाळायचे सुचले ते न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सला, 1871 मध्ये. बबल रॅप तर 1957 मध्ये न्यू जर्सीत भिंतीचा नक्षीदार कागद म्हणून तयार झाले. तो कोणी घेतला नाही. महाराष्ट्राने 2018 मध्ये थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि मखरांवर बंदी आणली, त्यावर बोलून झाले आहे. पॅकिंगच्या बाबतीत थर्माकोलचा एक दोष कमी बोलला जातो. जोराच्या दणक्यानंतर तो पुरता फुगून पूर्ववत होत नाही. वापरलेला तुकडा दिसतो धडधाकट, पण दुसऱ्या फेरीला त्याच्यात दबायला जागा कमी उरलेली असते.

मुंबईतल्या घाऊक क्रोकरीच्या एका गोदामात उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याचे मग आणि लोणच्याच्या बरण्या अजून भाताच्या पेंढ्यातच उतरतात. तिथला भरणारा माणूस आधी प्रत्येक मगावर नखाने टिचकी मारतो. ‘टण्ण’ वाजला तर ठीक. ‘भद्द’ आला की मग बाजूला, चीर दिसो वा न दिसो. मगाच्या पोटात रद्दीचा बोळा, कानाला वेगळा वेढा. बशा आडव्या कधीच नाहीत, कडेवर उभ्या. आडव्या ठेवल्या तर सगळ्यात खालचीवर साऱ्यांचा भार येतो आणि दणक्यासरशी ती मधोमध जाते. शेवटी खोके उचलून कानाशी हलवायचे. आत किणकिण झाली तर उघडून आणखी पेंढा कोंबायचा. तो कोंबतो, मांडी रेटून. बघणाऱ्याला वाटते, यानेच फुटेल.

इतके करूनही बिल्टीवर शिक्का ‘ओनर्स रिस्क’चाच बसतो. फुटतुटीचा टक्का घाऊकवाला आधीच भावात धरतो, आणि न फुटलेला मग विकत घेणारे गिऱ्हाईक वाटेत फुटलेल्याचेही पैसे देऊन जाते.