गॅस गिझरमधून पाणी टपकतंय? आधी हे समजून घ्या

मोताळा : राजूर घाटाखालच्या आपल्या भागात डिसेंबर-जानेवारीची पहाट बोचरी असते. फजरची वजू, गुस्ल, मग मुलांची शाळेची अंघोळ. गरम पाणी लागतंच. त्यात रमजान दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे येतो. 2027 मध्ये तो फेब्रुवारीत, तर 2028 मध्ये जानेवारीच्या शेवटी सुरू होण्याचा अंदाज आहे. म्हणजे सेहरीच्या वेळीही गिझर चालणार.

थंडीत एक तक्रार हमखास येते : गिझरखाली थेंब पडतात. गिझर फुटला का?

पाणी येतं कुठून?

गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते. 1 किलो एलपीजी जळल्यावर साधारण दीड किलोहून जास्त पाणी बनतं. 14.2 किलोच्या एका सिलिंडरमधून 20 लिटरच्या वर! ही वाफ गिझरमधल्या थंड तांब्याच्या नळीला लागली की थेंब होतात. सुरुवातीची काही मिनिटं थेंब पडून थांबले, तर काळजी नको.

ओळखायची सोपी पद्धत : गॅस बंद करा, गिझरमधून पाणी चालू ठेवा. थोड्या वेळानंतरही थेंब पडत राहिले तर नळीला किंवा जोडाला गळती आहे, मिस्त्रीला बोलवा. फक्त जाळ असतानाच पडत असतील तर ते वाफेचं पाणी आहे.

निचरा कसा करावा?

हे पाणी थोडं आम्लधर्मी असतं, लोखंडाला गंज आणतं. साध्या गिझरखाली बटण, वायर किंवा रेग्युलेटर ठेवू नका. थेंब पडतात तिथे छोटा ट्रे लावून प्लास्टिकची नळी मोरीत सोडा.

वाफेतली उष्णताही वापरणाऱ्या 'कंडेन्सिंग' गिझरला निचऱ्याचं वेगळं तोंड असतं. त्याला पीव्हीसी पाइप जोडा. तांब्याचा किंवा जीआय पाइप नको. दर मीटरला 4-5 सेंटिमीटर उतार द्या. मध्ये पाणी भरलेला यू आकाराचा ट्रॅप हवा, नाहीतर जळलेला वायू त्याच पाइपमधून बाहेर येईल. निचऱ्याचं तोंड कधीही बुजवू नका.

खरा धोका थेंबांचा नाही

आता मुख्य गोष्ट. बिनधुराड्याचा गिझर बाथरूममध्ये असेल, तर वाफ जिथे जाते तिथेच जळलेला वायूही जातो. गिझर चालू असताना भिंती, आरसा ओले होतात ना? वाफेला बाहेर जायला वाट नाही, म्हणजे त्या वायूलाही नाही. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड बनतो. त्याला रंग नाही, वास नाही. एलपीजीला वास मुद्दाम मिसळलेला असतो, म्हणून गळती कळते. हा वायू कळतच नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. जानेवारी 2020 मध्ये मुंबईच्या बोरिवलीत एका शाळकरी मुलीचा जीव असाच गेला.

म्हणून पाण्याच्या नळीआधी वायूची वाट करा :

- गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत, पत्र्याच्या आडोशाला लावा. आत फक्त गरम पाण्याचा नळ घ्या. आपल्याकडे अंगण असलेल्या घरांत हे सहज जमतं.
- धुराड्याचा गिझर असेल तर पाइप थेट बाहेर काढा. त्याच खोलीत एक्झॉस्ट फॅन नको. तो वायू परत आत ओढू शकतो.
- थंडी वाजते म्हणून खिडकी, झरोका कापडाने बंद करू नका.
- जाळ निळा हवा. पिवळा दिसला तर गिझर बंद करून सर्व्हिसिंग करा.
- डोकं दुखलं, चक्कर, मळमळ झाली तर लगेच बाहेर या. कुणी आतून आवाजाला उत्तर देत नसेल तर दार तोडा, त्याला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि 108 ला फोन लावा.

शरीयतच्या पाच मूळ उद्देशांमध्ये जिवाची हिफाजत आहे. गिझर आधीच बाथरूममध्ये बसवला असेल तर येत्या थंडीआधी तो बाहेर काढून घ्या. खर्च थोड्या पाइपचा आणि मिस्त्रीच्या एका दिवसाचा आहे.