कायमचा पत्ता

बँकेच्या नोकरीत काही वर्षे मी देवणीला होतो. आमच्या अर्जात दोन रकाने असत : सध्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता. एकदा बैलजोडीच्या कर्जासाठी एक शेतकरी आला. आजोबा भालकीकडून येऊन इथे वसलेले. त्याचा जन्म, लग्न, शेत सारे देवणीत. त्याने विचारले, ''सायेब, कायमचा पत्ता कोनता लिवू?'' मी म्हणालो, ''मूळ गावाचा.'' आणि 'बाहेरचा' म्हणून गावातला आणखी एक जामीनदार मागितला. तो मिळेपर्यंत पेरणी उलटून गेली.

हे आठवले ते लिओ वराडकरांमुळे. मालवण तालुक्यातल्या वराडचे डॉ. अशोक वराडकर १९७० च्या दशकात डब्लिनला स्थायिक झाले. पत्नी मिरियम आयरिश परिचारिका. त्यांचा मुलगा लिओ १९७९ साली तिथेच जन्मला, डॉक्टर झाला आणि २००७ मध्ये संसदेत निवडून गेला. २०११ पासून वाहतूक, आरोग्य, समाजकल्याण अशी खाती त्याने सांभाळली. आरोग्यमंत्री असताना, २०१५ मध्ये, आपण समलिंगी असल्याचे त्याने रेडिओवर सांगून टाकले. तरीही २०१७ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, तो आयर्लंडचा पंतप्रधान झाला. टोमणे मारणारे तिकडेही होतेच. पण मूळ गाव आड आले नाही.

बेळगावच्या डॉ. सविता हलप्पनवार २०१२ मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात वारल्या. गर्भ वाचणार नव्हता, तरी गर्भपात नाकारला गेला होता. ही बाईही 'बाहेरचीच'. पण तिच्यासाठी आयरिश माणसे रस्त्यावर उतरली. २०१८ मध्ये, वराडकर पंतप्रधान असताना, जनमताने घटनेतली गर्भपातबंदी उठवली.

डिसेंबर २०१९ मध्ये वराडकर आईवडिलांसह वराडला आले. 'आपला माणूस' म्हणून गावाने कौतुक केले. पुढे ते उपपंतप्रधान झाले, २०२२ मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले आणि २०२४ मध्ये, ४५ व्या वर्षी, आपण होऊन पायउतार झाले. खुर्चीलाही त्यांनी कायमचा पत्ता मानले नाही.

वराडकरांचा आपल्याला अभिमान वाटतो. वाटावाही. पण वाचकहो, त्या शेतकऱ्याचा मुलगा उद्या देवणीत निवडणुकीला उभा राहिला, तर आपण त्याचे काम विचारू की मूळ गाव? मी तर एका बैलजोडीपुरतेही त्याच्या बापाला देवणीचे मानले नव्हते.