मतदान कॅनबेरात, कापूस अकोल्यात

माझं माहेर वरुडकडचं, संत्र्याच्या बागांचं. सासर अकोट तालुक्यातलं, पऱ्हाटीचं. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारात या दोन्ही घरांचं पीक आहे.

2 एप्रिल 2022 ला सह्या झाल्या. ऑस्ट्रेलियात करार आधी संसदेच्या करारविषयक संयुक्त समितीपुढे गेला. तिथे लोकांना, संघटनांना लेखी म्हणणं मांडता आलं. मग नोव्हेंबरात संसदेने शुल्काची विधेयकं मंजूर केली आणि 29 डिसेंबरला करार लागू झाला.

दिल्लीत करारावर मतदान झालं नाही. ते बेकायदा नव्हे. परराष्ट्रांशी करार ही केंद्रसूचीतली 14 वी नोंद. सही करायला केंद्र सरकारला संसदेची मंजुरी लागत नाही. कायदा बदलायचा असेल तरच विधेयक आणावं लागतं. आयात शुल्क उतरवायला अधिसूचना पुरते, ती नंतर सभागृहाच्या पटलावर ठेवतात. राज्यसूचीतही 14 वीच नोंद शेतीची. अकोल्यात नागरिकशास्त्र शिकवताना या दोन नोंदी मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते. शेती राज्याची, पण शेतमालाच्या करारात राज्याच्या विधानसभेला मत नाही.

कापसाचं पाहा. वर्षाला 51,000 टन, म्हणजे 170 किलोच्या 3 लाख गाठी, ऑस्ट्रेलियातून बिनशुल्क आणता येतात. अट एवढीच की धागा किमान 28 मिलीमीटर हवा. देशाच्या पिकापुढे हा आकडा शंभरात एकाच्या आसपास. त्याची मला धास्ती नाही. अतिलांब धाग्याची रुई आपल्याकडे कमी पिकते, गिरण्यांना ती लागते, हेही मान्य. पण ती 32 मिलीमीटरच्या पुढची. आमच्या जिनिंगमधली चांगली रुई 28 ते 30 ची. मग रेघ 28 वर का ओढली? गिरणीवाला आणि शेतकरी समोरासमोर बसले असते, तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी निघाला असता.

संत्रा-मँडरिनलाही 13,700 टनांपर्यंत निम्म्या शुल्काची सवलत आहे. पुढे 19 ऑगस्ट 2025 ला तर कापसावरचं 11 टक्के शुल्क सगळ्याच देशांसाठी उठलं, आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेरपर्यंत. आमचा वेचा नेमका दसरा-दिवाळीचा.

कराराचा मसुदा सहीआधी संसदेच्या समितीपुढे यावा, अकोला-वरुडला सुनावणी व्हावी आणि मग नावानिशी मतदान व्हावं. आमच्या खासदारांनी कोणत्या बाजूने मत दिलं, हे अकोटच्या बाजार समितीत कापूस विकणाऱ्याला कळलं पाहिजे.