मेंदूला सावरणारी प्रथिने : प्रयोगशाळेतील आशा, घरातील जबाबदारी

‘अंगावरून वारे गेले’ असे आपल्याकडे ज्याला म्हणतात, तो पक्षाघात. बहुतेक वेळा मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, काही वेळा ती फुटते. रक्त न मिळालेल्या भागाच्या गाभ्यातील पेशी काही मिनिटांत मरू लागतात. भोवतालच्या पेशी मात्र काही तास तग धरतात. त्या काळात मेंदू स्वतःच काही संरक्षक प्रथिने निर्माण करतो. ही प्रथिने आहारातील डाळी-दुधातून किंवा डब्यातील भुकटीतून मिळणारी नव्हेत.

त्यांपैकी ‘एरिथ्रोपोएटिन’ने प्राण्यांवरील प्रयोगांत मोठी आशा दाखविली. परंतु २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, ५२२ रुग्णांवरील जर्मन चाचणीत लाभ दिसला नाही. उलट औषध घेतलेल्यांत मृत्यूचे प्रमाण १६.४ टक्के, तर न घेतलेल्यांत ९ टक्के आढळले. प्रयोगशाळेतील निरोगी, तरुण उंदीर आणि मधुमेह, रक्तदाब सांभाळणारे आपले आजोबा यांत अंतर आहे, ते असे.

‘बीडीएनएफ’ या दुसऱ्या प्रथिनाची कथा अधिक उपयोगाची आहे. पक्षाघातानंतर सराव करणाऱ्या उंदरांच्या पंजाची हालचाल सुधारली; त्यांच्या मेंदूतील हे प्रथिन अडविताच तो लाभ दिसेनासा झाला. म्हणजे सरावाचे फळ पेशींपर्यंत पोहोचविण्यात त्याचा वाटा असावा. माणसांतही नियमित, पुन्हा पुन्हा केलेला व्यायाम हाच पुनर्वसनाचा पाया आहे. मात्र पहिल्या चोवीस तासांत रुग्णाला वारंवार उठवून चालविण्याची घाई करू नये. व्यायाम केव्हा आणि किती, हे डॉक्टर व भौतिकोपचारतज्ज्ञ ठरवितील.

गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही सीटी स्कॅननंतरच. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. अकोल्याहून नगरचे अंतरच शंभर किलोमीटरहून अधिक. लोणी व विळद घाट येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. तरी आपल्याला जवळ पडेल अशा कोणत्या रुग्णालयात ही सोय रात्रीही असते, याची चौकशी आजच करून ठेवावी.

तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी एकही लक्षण अचानक दिसले, तर वेळ टिपून ठेवा आणि १०८ क्रमांकावर फोन करा. मालिश, पाणी किंवा घरातील गोळी देत बसू नका. संरक्षक प्रथिनांचे औषध उद्या येईलही. आज मेंदू वाचविणारी वेळ मात्र आपल्याच हाती आहे.