मागचे स्पीकर मुके का?

ताडोब्यात मोहर्ली गेटातून आत शिरलेली जिप्सी मध्येच थांबते, इंजिन बंद होतं आणि गाईड कान देऊन ऐकतो. चितळाचा कॉल आलेला असतो. कुठल्या अंगाने, हे तो लगेच सांगतो. बाजूने येणारा आवाज एका कानाशी आधी पोचतो, दुसऱ्याशी किंचित उशिरा. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा. तेवढ्यावर मेंदू डावं-उजवं ठरवतो. नेमका समोरून किंवा मागून आलेला आवाज मात्र दोन्ही कानांशी एकदमच पोचतो. तिथे कानाच्या पाळीचे वळसे उपयोगी पडतात, आणि मान जराशी वळवली की उरलेला गोंधळ मिटतो.

चंद्रपूर-गडचिरोलीत घरच्या कॉम्प्युटरला ५.१ स्पीकर संच जोडणाऱ्यांनी हेच कान कामाला लावावेत. मागचे दोन स्पीकर मुके असले, की संच बिघडला असं आपण धरून चालतो. पुष्कळदा गाणंच दोन चॅनलचं असतं. मागे पाठवायला त्यात काही नसतंच. म्हणून संच तपासायला विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ‘कॉन्फिगर’ उघडून स्टिरिओऐवजी ५.१ निवडावं. मग डोळे मिटून बसावं, घरातल्या कुणाला तरी एकेका स्पीकरची टेस्ट दाबायला सांगावं आणि आवाज येईल तिकडे बोट दाखवावं. पुढचा आवाज मागून आला, तर पिनांची अदलाबदल झालेली असते: बहुतेक कॉम्प्युटरांवर हिरवी पुढच्यांची, काळी मागच्यांची, नारिंगी मधल्या स्पीकरची आणि सबवूफरची.

खरी फसवणूक होते ती उलट्या वायरीने. एका स्पीकरची तांबडी-काळी वायर उलटी बसली, की एक पडदा हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. आवाज येत राहतो, पण ढोलकीचा घुमारा नाहीसा होतो. दोन्ही स्पीकर तोंडाला तोंड लावून वाजवावेत. घुमारा आणखीच गेला तर एकाची वायर पालटावी.

अंतराकडेही बघावं. एक मीटर जवळ असलेल्या स्पीकरचा आवाज सुमारे ३ मिलिसेकंद आधी पोचतो, आणि आधी पोचलेल्यालाच मेंदू उगम मानतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटरवरून सुमारे ३५८ होतो. पण तो सगळ्याच स्पीकरांसाठी वाढतो, त्यासाठी काही हलवावं लागत नाही. खुर्चीला खेटलेले मागचे स्पीकर मात्र जरूर दूर सारावेत.